अर्जदार क्रमांक एक

माझ्या पोटातून गुपित बाहेर पडत नाही, हे अख्ख्या रेक्याविक शहराला माहीत आहे! म्हणूनच लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणासाठी सरकारने आयोग नेमला, तेव्हा सचिव म्हणून मलाच बोलावलं. आयोग म्हणजे अध्यक्ष ब्रान्दुर, मी आणि एक टाइपरायटर. टेबल डेन्मार्कहून बोटीने यायचं होतं. बोट वादळात अडकली होती.

पहिल्याच आठवड्यात मी दोन नियम लिहिले. वाचनालयाने कुणाच्याही पुस्तकांची नोंद कुणालाही दाखवायची नाही, अगदी घरच्यांनाही नाही. आणि अर्जदाराचं नाव फक्त सचिवाला ठाऊक असेल, अध्यक्षांना नुसता क्रमांक. ब्रान्दुरने झोकात सही ठोकली. देश सुरक्षित झाला!

त्याच शुक्रवारी बाबांच्या नावाने वाचनालयाचं कार्ड आलं. ‘आपल्याकडून एक पुस्तक परत आलेलं नाही.’ कोणतं, ते लिहिलं नव्हतं. बाबांना जाऊन सात आठवडे झाले होते.

मी घर दोनदा उपसलं. कपाटात सापडली ती मीच दर वाढदिवसाला दिलेली जाडजूड पुस्तकं, एकही कधी उघडलेलं दिसत नव्हतं. मग शेवटी बाबा वाचत तरी काय होते? मला तेवढंच हवं होतं.

वाचनालयात अल्दा होती. मी सात वर्षांची असल्यापासून ती मला पुस्तकं देते.

“अल्दा, बाबांकडे कोणतं पुस्तक राहिलंय?”

“नाही सांगता येत.”

“अगं, मी त्यांची मुलगी!”

“घरच्यांनाही नाही,” तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझा नियम चौकटीत टांगला होता. “वाईट वाटतं गं, स्टेइनवोर. पण हा कोण सचिव आहे ना, भलताच कडक दिसतो.”

उरला एकच मार्ग. मी नियमातून सूट मागणारा अर्ज आयोगाकडे केला. म्हणजे संध्याकाळी घरी लिहिला, सकाळी कचेरीत स्वतःच उघडला आणि त्यावर ‘अर्जदार क्रमांक एक’ असा शिक्का मारला.

ब्रान्दुर हरखला. “आला! पहिला अर्ज आला! लिही त्याला, कारण पुरेसं नाही.”

मी मला पत्र टाइप केलं, पोस्टात टाकलं, दोन दिवसांनी ते मला मिळालं आणि मी उत्तर पाठवलं. ब्रान्दुरने पुन्हा स्पष्टीकरण मागवलं. मी पुन्हा दिलं. चौथ्या पत्रापर्यंत आपण कोणाच्या बाजूने आहोत, हे माझं मलाच कळेनासं झालं!

“माणूस चिकट आहे,” ब्रान्दुर म्हणाला. “ओळखतेस का तू?”

“नियमानुसार सांगता येत नाही.”

“शाबास! आता सुनावणीच घेऊ. टेबल आलं?”

“नाही.”

“मग पोहण्याच्या तलावावर भेटू. सकाळी साडेसात, गरम कुंडात.”

आमच्याकडे गरम कुंडात सगळं ठरतं, लग्नांपासून मंत्रिमंडळापर्यंत. मी मात्र तिकडे फिरकत नसे. बाबा रोज जायचे, मी घरी वाचत बसायचे. त्या दिवशी गेले. कुंडात अकरा डोकी होती, प्रत्येकावर थोडा थोडा बर्फ.

“नावं घ्यायची नाहीत,” ब्रान्दुरने बजावलं आणि घसा साफ करून आवाज लावला. “अर्जदार क्रमांक एक यांना एका मृत व्यक्तीचं शेवटचं पुस्तक जाणून घ्यायचं आहे. मृत व्यक्ती बंदरावर क्रेन चालवत असे. जानेवारीत वारली.”

“म्हणजे आपला ओगमुंडुर!” कोपऱ्यातला म्हातारा कोलबेइन म्हणाला. हा मासेमारी बोटीवरचा जुना कप्तान. “आणि अर्जदार त्याची मुलगी. एकच तर आहे त्याला.”

“ती बघा ना, समोरच बसलीय! कपाळ तेच,” त्याच्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या.

अकरा डोकी माझ्याकडे वळली. ब्रान्दुरचं तोंड उघडं राहिलं. “तू? ती सगळी पत्रं तुला लिहिली मी?”

“टाइप मीच केली.”

“पण पुस्तकाचं आम्ही सांगणार नाही हं,” कोलबेइन म्हणाला. “शब्द दिलाय त्याला.”

“काय सांगायचंय त्यात? नर्स शेवटी कोणाशी लग्न करते, तेच तर आपल्याला माहीत नाही!” बाई बोलून गेल्या.

“शूऽऽऽ!” सगळं कुंड ओरडलं.

कोलबेइनने सुस्कारा सोडला, कठड्यावरची प्लॅस्टिकची पिशवी उचलली आणि आतून एक गुलाबी पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर एक डॉक्टर एका नर्सचा हात धरून उभा होता, बहुधा नाडी बघत नसावा.

“चार वर्षं असलीच पुस्तकं आणून रोज एक प्रकरण वाचून दाखवायचा. हे इथेच राहिलं. तुला सांगू नका म्हणाला. म्हणाला, ती मोठमोठी पुस्तकं वाचते. बोलणार काही नाही, फक्त भुवई उचलेल.”

माझी भुवई वरच होती. मी ती खाली आणली.

चार वर्षं! रोज अकरा माणसं! आणि एकाच्याही तोंडून एक शब्द फुटला नव्हता!

“पुढचं का नाही वाचलंत?” मी विचारलं.

“तो वाचायचा,” कोलबेइन म्हणाला.

“अर्ज फेटाळण्यात येत आहे,” ब्रान्दुर घाईघाईने म्हणाला. “नियम म्हणजे नियम. वाच आता.”

शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. मी वाचायला लागले. दुसऱ्याच पानावर बाईंनी थांबवलं. “डॉक्टरचा आवाज असा नाही. ओगमुंडुर जाड काढायचा.”

मी जाड काढला. थोडा घोगरा निघाला, पण कुणी तक्रार केली नाही. नर्सने डॉक्टरशीच लग्न केलं. ब्रान्दुरने चेहऱ्यावर पाणी मारून घेतलं. वाफ फार होती म्हणे.

दुपारी मी अल्दाकडे पुस्तक परत केलं. तिने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते आत ठेवून दिलं.

“याचा पुढचा भाग आहे?” मी शक्य तितक्या हळू विचारलं.

तिने टेबलाखालून काढला, तपकिरी कागदात गुंडाळला, दोरी बांधली. हात इतका सराईत, की बाबांनाही ती असंच बांधून देत असणार. विचारावंसं वाटलं. पण ती सांगणार नव्हती. नियम माझाच ना!