भोरी म्हशीचा गुन्हा

बाळांनो, एका जंगलात नदी होती आणि नदीवर पूल नव्हता. पुलाची पायाभरणी मात्र तीनदा झाली होती.

भोरी नावाची म्हैस लहान जनावरांना पाठीवर बसवून पैलतीरी सोडायची. एके दिवशी डोहातल्या मगरीनं तिच्या पाठीवरचा ससा ओढून नेला. दोन दिवस भोरीच्या घशाखाली गवत उतरलं नाही. मग ती तडक दरबारात गेली.

"महाराज, मगरीचा बंदोबस्त करा."

सिंहमहाराज हळहळले. लगेच 'पृष्ठभाग जलवाहतूक सुरक्षा कायदा' झाला. कोल्होबा सुरक्षा अधिकारी झाले.

"कोल्होबा, ह्यात मगर कुठंय?" भोरीनं विचारलं.

"अगं, कायदा पाण्यावरचा. मगर असते पाण्याखाली. तिचं खातं वेगळं!"

दुसऱ्या दिवशी तपासणी सुरू झाली. काठाची सगळी जागा कोल्होबांच्या मंडपानं अडवली, म्हणून रांग पाण्यात लागली.

साळूबाई साळिंदर लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती.

"शस्त्रं जमा करा," कोल्होबा म्हणाले.

"अहो, काटे आहेत माझे! ह्यांच्यामुळंच मगर माझ्या वाटेला जात नाही."

"कायदा सगळ्यांना सारखा, बाई."

कोल्होबांच्या शिपाई माकडांनी काटे उपटले. साळूबाई गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी एकदा खळबळलं. रांग एका जागेनं पुढं सरकली.

महिन्यात असे अकरा जण गेले. अहवाल आला: 'कायद्यापासून प्रवासात एकही अपघात नाही.'

"आणि ते अकरा?" भोरी ओरडली.

"ते प्रवासी कुठं होते? त्यांची तपासणी बाकी होती!"

कोल्होबांना शाल मिळाली.

भोरीनं मग कुणाला विचारलं नाही. दोन कोस वर नदीला खडकाळ उतार होता, मगरीला पोहता येऊ नये इतका उथळ. वाट काट्याकुट्यांची, पण भोरीनं सगळ्यांना तिथून नेलं. साळूबाईच्या लेकीला आई गेल्याचा निरोपही तिनंच सांगितला, खाली मान घालून. कुणाला साधा ओरखडा आला नाही.

आठव्या दिवशी भोरीला पकडलं. नव्या कायद्याखाली सापडलेली ती पहिलीच गुन्हेगार. आरोप: जनावरांना विनातपासणी जिवंत पोचवणे.

साक्षीला मगर आली. दरबारानं तिला बसायला ओली चटई दिली.

भोरीला जन्मभर नदीबंदी झाली.

तात्पर्य: मगरीच्या तोंडी जायचं तर रांगेनं जावं, जीव वाचवायचा असेल, तर आधी परवानगी काढावी.