आजोबांचा उतारा मशीनच्या पोटात

आमच्या अख्ख्या खानदानात मशीनचं डोकं एकट्या मला आहे, हे आधीच सांगून ठेवतो! कुडव्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. गाळात रुतलेली, उंदरांनी कुरतडलेली, कसलीही मोटर आणा, संध्याकाळी पाणी फेकते. म्हणून मी ऑनलाइन एक छोटा स्कॅनर मागवला, तेव्हा बायकोनं कपाळाला हात लावला तरी मी लक्ष दिलं नाही.

"अजी, चौकात झेरॉक्सवाला बसते ना. तो देते स्कॅन करून," रीता म्हणाली.

"आजोबांचा उतारा त्या झेरॉक्सवाल्याच्या हाती देऊ? काही झालं म्हणजे?"

हा उतारा म्हणजे काय, ते सांगतो. मुलांच्या जात पडताळणीला जुना पुरावा लागतो. आमच्याकडे तो एकच. आजोबा कामठ्याच्या शाळेत पहिलीत बसले, त्याचा दाखल-खारीज रजिस्टरमधला उतारा. कोणी, कधी काढला देव जाणे, पण त्या एका कागदावर आमच्या भाऊबंदांतली एकोणीस मुलं मार्गी लागली. कागद राहतो कामठ्याला मोठ्या मायकडे. शकुंतलाबाई, माझ्या थोरल्या काकांची बायको. ती तो देवघरात पाटाखाली ठेवते, लक्ष्मीपूजेला त्याला हळदकुंकू वाहते, आणि घडीवर चिरला की शिजलेल्या भाताची खळ करून मागून पट्टी लावते. ज्याला गरज त्यानं यायचं, पाटापुढे हात जोडायचे, कागद न्यायचा, काम झालं की आणून द्यायचा. आता पाळी माझ्या खुशीची होती. नर्सिंगला जायचं म्हणून तिचा पडताळणीचा अर्ज भरायचा होता.

"मोठी माय, एकदा मशीनमधी घेतला ना, मंग कोनाले कागद मांगाची गरजच नाही!" कागद न्यायला कामठ्याला गेलो तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं.

"मशीन खराब तं नाही करनार ना, उमेंद्र?"

"मी बसलो आहो ना!"

"सांभारून नेजो. तुह्या आज्याच्या नावाचा येवढाच कागद हाये. फोटूबी नाही त्याचा."

आता त्या मशीनबद्दल. ज्यानं ते बनवलं तो मला एकदा भेटावा, बाकी काही मागणं नाही! दिसायला लाटण्याएवढं. बटण एकच. एकदा दाबलं की चालू, दोनदा दाबलं की स्कॅन, दाबून धरलं की बंद, आणि जरा जास्त वेळ दाबून धरलं की आधीचं सगळं पुसून टाकतं! जरा जास्त म्हणजे किती, ते पुस्तिकेत नाही. कागद कुठल्या बाजूनं घालायचा त्याचा बाण मशीनच्या बुडाला छापलेला. म्हणजे मशीन उलटं करा, बाण बघा, सुलटं करा, तोवर बाण कुणीकडे होता ते विसरा. वायर वीतभर, तीही बोटानं दाबून धरली तरच दिवा लागतो. आणि कागद आत घ्यायची सोय आहे, अडकला तर बाहेर काढायची नाहीच!

आधी वीजबिलावर हात साफ केला. पहिल्यांदा कोरं पान आलं. दुसऱ्यांदा बिल तिरपं आलं आणि नेमका माझ्या नावावरून काळा पट्टा. तिसऱ्यांदा असं सुरेख आलं की मी "आलं, आलं!" म्हणून नाचलो. नाचताना अंगठा बटणावरच होता. सगळं पुसलं गेलं.

"बाबा, राहू द्या ना आता," खुशी रडकुंडीला आली. "आज शेवटची तारीख हाये."

"हात बसला माझा. आन इकडे!"

मशीननं उतारा अलगद ओढला. अर्धा गेला. मी रीताकडे विजयानं बघितलं, आणि मशीन घर्रर्र करून थांबलं. बाहेर पावसाळी दमट हवा, आत मशीनची ऊब आणि मध्ये मोठ्या मायची खळ. कागद आतल्या रोलरला चिकटला होता. मी जरासा ओढला. टर्र!

कंपनीच्या नंबरवर फोन लावला.

"सर, मशीन बंद करके फिर से चालू कीजिए," तिकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली.

"अरे बाई, उसके मुंह में मेरे दादाजी हैं!"

"कौन हैं, सर?"

"दादाजी का कागज!"

"जी सर. आप बंद करके चालू कीजिए."

केलं. मशीन ताजंतवानं होऊन उठलं आणि उरलेला अर्धाही गिळून बसलं!

"सर, आपकी समस्या हल हो गई?"

मी फोन ठेवला आणि पेचकस घेतला. स्क्रू शोधतो तर एकही नाही! शेवटी कडेनं उचकटलं तेव्हा झाकण उघडलं. आत पाच तुकडे आणि बाकी लगदा. आजोबांचं नाव रोलरवर उमटलं होतं, तेही उलटं. झाकण परत दाबलं, तर मशीन खुशाल चालू झालं. त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं! खरं सांगतो, मी खाली बसलो आणि मला रडू आलं.

तुकडे डब्यात घातले, खुशीला गाडीवर मागे बसवलं आणि कामठा गाठला. मोठ्या मायनं डबा उघडला. एक तुकडा तळहातावर घेतला, उजेडात धरला. मग दुसरा त्याला जोडून बघितला. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"कसा झाला रे हा असा?"

"खळ चिकटली मशीनले," मी म्हणालो.

"अवं माय! म्हंजे माह्याच हातानं गेला का कागद?" तिनं तोंडाला पदर लावला. "मशीन बिचारी काय करन? मीच खळ थापून ठेवली ना!"

तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. बाण, बटण, बंद-चालू, सगळं. खुशी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी अंगणातल्या कोंबड्या बघत राहिलो.

"आजी," खुशी म्हणाली, "शाळेत ते रजिस्टर असन ना अजून?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकोणीस मुलं मार्गी लागली, पण हे कोणी कधी विचारलंच नव्हतं!

तिघंही शाळेत गेलो. मुख्याध्यापक योगराज गुरुजींनी कपाट उघडलं, रजिस्टर काढलं, पाव तासात नवा उतारा लिहून शिक्का मारला.

"दोन-चार लिहून देऊ का?" त्यांनी विचारलं. "तुमच्या घरचं कोनी आलंच नाही कदी मांगाले."

खुशीनं व्हरांड्यातच मोबाइलवर उताऱ्याचा फोटो काढला आणि अर्जाला जोडला. एका झटक्यात गेला. मोबाइलचा फोटो चालतो, हे ती आठवडाभर मला सांगत होती म्हणे.

मी चपला घालायला वळलो, तर गुरुजींनी रजिस्टरवरून हात फिरवत उसासा सोडला.

"पानं गरून राहिले याचे. अख्ख्या गावाचे आजे-पनजे यातच हायेत, दुसरी प्रत नाही. वरून पत्र आलं, स्कॅन करून ठेवा म्हनते. आता शाळेत कुठची मशीन?"

मी एक चप्पल घालून पायरी उतरलोसुद्धा होतो.

"आमच्या उमेंद्रपाशी हाये ना!" मागून मोठी माय म्हणाली. "मोठी चांगली मशीन हाये, गुरुजी. फक्त तुमी पानाले खळ नोका लावू."

"वा! मंग सोमवारी घेऊन येता का?"

मोठी माय माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघत होती की मी "येतो, गुरुजी" म्हणालो.