थोरलीसाठी चिखल

डोंगर चढणारी, ओढा ओलांडणारी आणि चिखलातून वाट काढणारी ती गाडी गेलं वर्षभर दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर उभी होती, आणि रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसावी लागत होती. ती धूळही रानावनातली नव्हती. छताच्या पंख्याची होती.

पुसणारे काका तिला थोरली म्हणत, कारण उरलेल्या गाड्यांत ती सगळ्यांत आधी आलेली. लेकीच्या पाठीवरून हात फिरवावा तसं ते तिच्या बॉनेटवरून फडकं फिरवत. थोरली जागची हलत नव्हती. किंमत मात्र चढत होती. चढण चढायचं काम गाडीच्या वतीने किंमतच करत होती म्हणा ना.

दर भाववाढीला मालक तिच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात जुन्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी डकवत. चिकटपट्टीने काचेला डाग पडतो असं त्यांचं ठाम मत, म्हणून ते घरून पिठाची खळ शिजवून डबीत घेऊन येत. सगळ्यांत खालची चिठ्ठी तेवढी कारखान्यातूनच पक्की चिकटून आली होती. बाकीच्या मालकांच्या खळीवर तरल्या होत्या. तो कोपरा ओला करायचा नाही, अशी काकांना सक्त ताकीद होती. "आणखी दोन चिठ्ठ्या बसल्या की त्या बाजूनं रस्ता दिसायचा बंद होईल," असं काका म्हणत. पण गाडी रस्त्यावर जातच नव्हती, तेव्हा त्याची काळजी कोणी केली नाही.

मालकांचा दुसरा नेम म्हणजे घासाघीस नाही. टेबलामागे त्यांनी पाटीच लावली होती : 'काचेवरची किंमत हाच आमचा शब्द.' माणूस मोठा सचोटीचा. त्या पाटीकडे पाठ करून ते रोज गिऱ्हाइकाची वाट पाहत बसत.

गिऱ्हाईक आलंच तर त्याला गाठायचं काम इस्त्रीरावांचं. हे नाव त्यांना शर्टामुळे पडलं होतं. शर्टाच्या बाहीच्या घडीवर बोट फिरवलं तर कापेल, असं लोक म्हणत. इस्त्रीराव चिखलाबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला पाय आखडून घ्यावेसे वाटत. चाक कसं रुततं, मग चारही चाकं कशी जोर लावतात, इंजिन कसं घुमतं, सगळं हातवाऱ्यांसकट. वास्तविक या गृहस्थांनी जन्मात गाडी डांबरावरून खाली उतरवली नव्हती. आजवर ज्यांनी असल्या गाड्या नेल्या होत्या त्यांनीही भाजीबाजाराच्या फुटपाथपलीकडे काही चढवलं नव्हतं, त्यामुळे इस्त्रीरावांचं अज्ञान सुखात नांदत होतं.

आणि मग एका सकाळी मालकांनी त्यांना जवळ बसवून, त्यांच्याकडे न बघता, सांगून टाकलं. महिनाअखेरपर्यंत एकही मोठी गाडी हलली नाही तर ही बाजू बंद. इथे स्कूटरी ठेवायच्या. स्कूटरी विकायला मालकांचा भाचा होता.

"मग मी?" इस्त्रीरावांनी विचारलं.

मालक पंख्याकडे बघत राहिले. भल्या माणसाला नकार देता येत नाही तेव्हा तो छताकडे बघतो.

देवाला दया आली म्हणावं तर दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून एक बाई थेट फरशीवर आल्या. त्यांच्या बुटांचे ठसे उमटले आणि काकांच्या छातीत कळ आली. बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. रानातल्या गोठ्यांवर जाऊन गाईम्हशींची बाळंतपणं करायची, आणि त्यांची छोटी गाडी दर खेपेला वाटेत रुतायची. आता गाडीलाच डॉक्टर लागायची वेळ आली होती.

इस्त्रीरावांनी आपलं चिखलपुराण मन लावून सांगितलं. डॉक्टरबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग काचेवरची चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढला.

"एवढ्या पैशात गोठा होतो माझा. पण ठीक आहे. चिखलात चालवून दाखवा."

इस्त्रीराव म्हणाले की चौकापर्यंत एक चक्कर नक्की मारता येईल.

"चौकात माझी एकही म्हैस नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी येते. तोवर कुठंतरी चिखल शोधून ठेवा."

आता चिखल म्हणजे काय, पावलोपावली मिळणारी वस्तू, असं आपल्याला वाटतं. गरज लागू दे, मग कळतं. इस्त्रीराव दुपारभर शहर पालथं घालून आले. रस्ते काँक्रीटचे, गल्ल्या फरशीच्या, आणि जी दोनचार मैदानं उरली होती तिथे झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटच्या विटा बसवलेल्या. गावाबाहेर न्यावी तर विक्रीची गाडी चौकापलीकडे न्यायची नाही, हा मालकांचा तिसरा नेम. राहता राहिली दुकानामागची मोकळी जागा. तीही कडक, खडकाळ. तिथे चिखल करायचा तर आधी माती हवी होती.

आणि माती इस्त्रीरावांच्या घरातच होती. त्यांच्या बायकोची रोपवाटिका होती. रोज संध्याकाळी ती नखांत माती आणि टाचांना चिखल घेऊन घरी येई, आणि रोज इस्त्रीराव तिला दारात अडवून बादली दाखवत. "पाय धुऊनच आत ये," हे वाक्य त्यांच्या संसारात इतक्या वेळा उच्चारलं गेलं होतं की तिला आता ते प्रेमाचं वाटू लागलं होतं. त्या रात्री जेवताना इस्त्रीरावांनी दोनदा घसा साफ केला.

"अगं, तुझ्याकडे थोडी माती मिळेल का?"

तिने हातातला घास खाली ठेवला. "कोण विचारतंय?"

त्यांनी मग सगळं सांगितलं. भाच्याचं, स्कूटरींचं, आणि पंख्याकडे बघणाऱ्या मालकांचंही. ती चेष्टा करणार होती, ती राहिली. उलट तिने ताटात आणखी एक पोळी वाढली आणि टेम्पो भरून माती देईन म्हणाली.

शनिवारी उजाडताच तिने दुकानामागे मातीचा ढीग ओतला, फावड्याने पसरून दिला आणि जाता जाता बजावलं, "अहो, ही कुंड्यांची माती आहे. नारळाचा भुसा घातलाय हिच्यात, पाणी पिऊन बसते. वरून कोरडी दिसली तरी आत भरलेली असते. पाणी बेतानं घाला."

इस्त्रीराव मान डोलावत होते. पण देवाला ज्याची फजिती करायची असते त्याच्या हातात तो आधी पाण्याची नळी देतो. त्यांनी पाणी सोडलं. मातीने पिऊन टाकलं. आणखी सोडलं, तेही गेलं. बाईंना चिखल दाखवायचा आणि चिखल दिसतच नाही, म्हणून त्यांनी नळी तशीच चालू ठेवून काकांबरोबर चहा घेतला. परत आले तेव्हा वर झकास चकाकी आली होती.

डॉक्टरबाई आल्या. मालकही कौतुकाने मागच्या दारात येऊन उभे राहिले. काकांनी थोरलीला अखेरचं पुसलं आणि तोंड फिरवलं. इस्त्रीराव चालकाच्या जागी बसले, आरसा नीट केला, कॉलर नीट केली आणि ऐटीत म्हणाले, "आता बघा हं, बाई."

थोरली चिखलात उतरली, अर्ध्यापर्यंत गेली आणि मांडी घालून बसली.

इस्त्रीरावांनी जोर दिला. ती आणखी बसली. त्यांनी आणखी जोर दिला तेव्हा चाकांनी चिखल उचलून काचेवर, छतावर, भिंतीवर आणि मागच्या दारात उभ्या असलेल्या मालकांच्या कौतुकावर फेकला. काय झालं ते बघायला इस्त्रीरावांनी खिडकी उघडून मान बाहेर काढली, हा सल्ला त्यांना कोणीही दिला नव्हता. मान आत घेतली तेव्हा फक्त दोन डोळे ओळखू येत होते. मग ते ढकलायला खाली उतरले आणि गुडघ्यापर्यंत गेले. त्यांना काढायला काका उतरले. काकांचा एक बूट गेला तो गेलाच.

"बघण्यासारखं आहे खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मालकांनी वर पाहिलं, पण तिथे पंखा नव्हता. नुसतं आभाळ होतं.

इस्त्रीराव चिखलात उभे होते. बाहीच्या घडीतून पाणी ठिबकत होतं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, खरं सांगू? मी आजवर डांबर सोडून कधी चालवलेली नाही. गाडीचा दोष नाही हो. गाडी चांगली आहे."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग बाह्या वर केल्या.

"म्हैस रुतली की पहिली गोष्ट म्हणजे तिच्या मागं लागायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे बाजूला व्हा. काका, ती फडकी आणा."

काकांची फडकी म्हणजे धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलेली फडकी. ती डॉक्टरबाईंनी चारही चाकांपुढे अंथरली. चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. आत बसल्या, म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं स्टिअरिंगवर थोपटलं आणि इतक्या हळू निघाल्या की इंजिन जागं आहे की नाही ते कळेना. थोरली हलली. फडकी गिळली, आळोखेपिळोखे दिले आणि सावकाश, अब्रूने, कडेला चढून उभी राहिली.

"चांगलं आहे जनावर," डॉक्टरबाई खाली उतरून म्हणाल्या. "पण किंमत झेपायची नाही मला. चिखलाचे आभार."

इस्त्रीरावांचे खांदे पडले. पायाखालची जमीन सकाळपासून सरकत होती, ती आता पुरतीच गेली.

इतका वेळ काकांनी कसंबसं सहन केलं होतं. थोरलीची ती दशा त्यांना बघवेना. कोणाचं काही न ऐकता त्यांनी नळी उचलली आणि तिला धुवायला घेतलं. बॉनेट, दारं, काच. काचेच्या कोपऱ्यावरून चिखलाचा एक ओघळ उतरला आणि त्याच्याबरोबर वरची चिठ्ठीही उतरली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. वर्षभराची महागाई एकेक करून नालीकडे चालली. शेवटी उरली ती कारखान्यातली, पक्क्या डिंकाची.

डॉक्टरबाई जायला निघाल्या होत्या. त्या थबकल्या, चष्मा लावला, वाकून वाचलं. मग मागच्या दारातून आत, टेबलामागच्या पाटीकडे नजर टाकली. पाटी तिथून स्वच्छ दिसत होती.

"ही किंमत मला झेपते," त्या म्हणाल्या.

मालक लगबगीने पुढे आले. "बाई, ती जुनी..."

"आणली तेव्हा याच भावाची होती ना?"

"होती, पण..."

"आणि पाटी?"

मालक पाटीकडे बघत राहिले. मग इस्त्रीरावांकडे पाहिलं. ते नखशिखान्त चिखलात होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही बोलत नव्हते. मालकांनी रुमालाने कपाळावरचा चिखल टिपला. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "काका, कागद काढा. आणि उरलेल्या गाड्यांना हात लावू नका. आधी डिंक आणा."

थोरली फाटकातून गेली तेव्हा काका बराच वेळ एका पायात बूट घालून उभे होते. डॉक्टरबाईंनी तिला पुसू दिलं नव्हतं.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. गाडी रुतल्याचा आवाज गल्लीभर गेला होता, आणि भिंतीवरून चार डोकी सगळं बघत होती. संध्याकाळपर्यंत दोघंजण विचारायला आले. गाडीचं नाही, चिखलातल्या गाडीत एकदा बसून बघता येईल का, म्हणून. मालकांनी विचार करून होकार दिला आणि भाच्याला निरोप पाठवला की स्कूटरींची घाई नाही.

इस्त्रीराव घरी पोचले. दारात बायको उभी होती. हातात बादली.

"पाय धुऊनच आत या," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बादली खाली ठेवली. "नाही, तिथंच थांबा. दुसरी आणते."

"गाडी गेली," इस्त्रीराव म्हणाले.

तिने पदराने त्यांचे डोळे तेवढे पुसले. सबंध माणसात तेवढीच जागा पुसण्यासारखी होती. त्या पुसलेल्या डोळ्यांनी ते तिच्या टाचांकडे बघत राहिले. टाचांना रोजच्यासारखा चिखल होता, आणि आज तो त्यांना अगदी घरचा वाटला.

"अगं, सोमवारी आणखी थोडी माती लागेल बहुतेक."

"देईन की," ती म्हणाली. "पण पाणी मी घालणार."