चार चिठ्ठ्या आणि एक दोरा

साखरपुडा संध्याकाळी पाचला होता आणि नवरदेवाची अंगठी सकाळी नऊपासून गोजरबाईंच्या बोटात अडकून बसली होती.

गोजरबाई म्हणजे सोनिवलीच्या राजसीची, नवरीची आजी. सोनं खरं की खोटं हे बोटात घातल्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. अंगठी आत गेली मुकाट्याने, बाहेर यायला मात्र तयार नाही. साबण झाला, खोबरेल झालं. सुनेने, मालिनीने, दाराला पाय लावून ओढलं. अंगठी जागची हलली नाही, दाराची बिजागरी निघाली.

"आई, कापून टाकू या ना."

"साखरपुड्याची अंगठी कापतेस? डोका फिरलाय तुझा? चल डॉक्टरबाबाकडं."

डॉक्टरबाबा म्हणजे बदलापूरचे डॉक्टर हरिचंद्र. पस्तीस वर्षं त्यांनी गावाची गळवं फोडली, कोयत्याचे घाव शिवले, पोरांच्या नाकातले चिंचोके काढले. राजसीसुद्धा त्यांच्याच हातात जन्मली. एकदा एका म्हशीच्या घशात अडकलेला आंबा त्यांनी काढला. ती म्हैस पुढे दर दिवाळीला दवाखान्यासमोर येऊन उभी राहायची, असं सोनिवलीत आजही शपथेवर सांगतात.

अडचण एवढीच, की नवरदेव याच डॉक्टरांचा मुलगा. दिपेशही डॉक्टर. सहा महिन्यांपूर्वी त्याने दवाखाना ताब्यात घेतला, काचेचं दार बसवलं आणि बोर्ड लावला: 'येथे टाके, प्लास्टर व किरकोळ शस्त्रक्रिया केल्या जात नाहीत.'

"साखरपुड्याच्या दिवशी पोरगा कशाला असंल तिथं?" म्हणत गोजरबाईंनी हाताला नॅपकिन गुंडाळला.

पोरगा होता.

"काय होतंय, आजी?"

"बोट सुजलाय. तुझ्या बापालाच दाखवीन."

"अप्पा आता फक्त बीपी बघतात. फॅमिली डॉक्टरनं रेफर करायचं, आजी. काही चुकलं तर डायरेक्ट केस होते." नॅपकिनकडे न बघताच दिपेशने चिठ्ठी दिली. हाडांचे डॉक्टर, अंबरनाथ.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "हाड उत्तम आहे. सूज कातडीची." दुसरी चिठ्ठी. उल्हासनगरच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं. "स्किन तो मस्त है, माई. खून रुक रहा है." तिसरी चिठ्ठी. तिथलेच रक्तवाहिन्यांचे डॉक्टर म्हणाले, "नळ्या तरुण आहेत तुमच्या. शेजारच्या सर्जनला दाखवा." चौथी चिठ्ठी. सर्जनने पहिल्यांदा अंगठीकडे पाहिलं. "ॲडमिट व्हा. कापून काढू. उपाशी आहात ना?"

"उपाशी तर सकालपासून हाय," गोजरबाई उठल्या. "पन अंगठी कापायची तर आदी मना काप!"

साडेतीनला त्या पुन्हा बदलापुरात. दिपेश तोंड उजळून घ्यायला सलूनमध्ये गेला होता. अप्पा एकटेच बीपीचं मशीन पुसत बसलेले. त्यांनी नॅपकिन सोडला आणि हसू दाबलं.

"गोजरबाई, बाहेरचा बोर्ड वाचलात?"

"मना वाचता येत नाय. तुमाला येतो म्हनून हात बांधून बसलाव काय?"

अप्पा उठले. कपाटाच्या तळातून टाक्यांचा दोरा काढला. त्याचं टोक अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा सांध्यापर्यंत घट्ट गुंडाळला, आणि मग अंगठीकडून एकेक वेढा सोडू लागले. वेढ्यावेढ्याने अंगठी वर चढली आणि टप्पकन टेबलावर पडली. पुरती दोन मिनिटंही लागली नाहीत.

"झाली एवढी शस्त्रक्रिया," अप्पा म्हणाले. "आता करा म्हणावं केस." दोऱ्याचं रीळ त्यांनी कपाटात ठेवलं नाही, खिशात ठेवलं.

पाचला हॉल भरला. अंगठीचं माप वर्षापूर्वीचं, दिपेश परीक्षेपायी वाळला होता तेव्हाचं. सहा महिन्यांची खुर्ची आता बोटांपर्यंत पोहोचली होती. फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, पूरा डालो!" राजसी आजीचीच नात. तिने सगळा जोर लावला. अंगठी गेली.

पेढे वाटेपर्यंत बोटाचं वांगं झालं.

"अप्पा," दिपेश कानाशी लागला, "काढा ना पटकन."

अप्पांचा हात खिशात गेला, तोच गोजरबाईंनी मनगट धरलं. "थांबा व्याही. आदी रेफर." कमरेच्या पिशवीतून चार चिठ्ठ्या काढून त्यांनी एकेक नातजावयाच्या तळहातावर ठेवली. "ही अंबरनाथची, तुज्याच हातची. या तीन उल्हासनगरच्या. रिक्षा खाली उभी हाय."

"आजी, बोट काळं पडतंय!"

"माजा पन पडलेला. तू बगितलास?"

दिपेशने चिठ्ठ्यांकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "उद्या उतरवतो बोर्ड."

"आज," अप्पा म्हणाले. रीळ खिशातच होतं.

डाव्या हाताने दिपेशने कंपाउंडरला फोन लावला. बोर्ड निघाल्याचा फोटो मोबाइलवर आला तेव्हाच पहिला वेढा पडला. अंगठी सुटली आणि अप्पांनी मान वर केली, तर समोर पाहुण्यांची रांग. कुणाच्या तळव्यात काटा, कुणाच्या मांडीवर गळू, एका नातवाच्या नाकात अक्षता.

आणि हॉलच्या गेटाशी एक म्हैस येऊन उभी होती, असं सोनिवलीत शपथेवर सांगतात.