दगूनानांचा सायलेन्सर

आमच्या शेजारच्या दगूनानांच्या करदोट्याला किल्ली नसायची, लोखंडी बुश असायचा, दोन नळ्या जोडायची कडी. मुठीएवढा, आतून आणि बाहेरून आटे पाडलेला. चालताना तो धोतराखाली मांडीवर आपटायचा. नवी माणसं त्याला ताईत समजायची आणि नाना त्यांना तसंच समजू द्यायचे.

तेव्हा आम्ही मखमलाबादच्या बाजूला मळ्यात राहायचो. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून नानांकडे दोन तेलाची इंजिनं होती. एक घराला लागून, पिठाच्या चक्कीला. दुसरं मागे मळ्यात, विहिरीवर. आणि दोन्हींत मिळून सायलेन्सर एक.

तो त्यांच्या साडूनं बनवलेला. साडू मनमाडला रेल्वेत फिटर होता. जाड पाइपात एकामागे एक जाळ्या बसवून त्यानं असं नळकांडं केलं की इंजिन चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागे. साडू मेला. नानांनी बाजारातला एक आणून बघितला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. म्हणाले, "हा तर डबा वाजवतोय."

अडचण आट्यांची होती. चक्कीचं इंजिन जुनं, त्याचे आटे जाडे. विहिरीचं नवं, त्याचे बारीक. सायलेन्सर जाड्या आट्यांचा, तो विहिरीवर बसेना. नानांनी आधी सुतळी गुंडाळून, नळाच्या जोडाला लावतात तो सफेदा फासून तो ठोकून बसवला. इंजिन तापलं, सुतळी जळाली, आणि नळकांडं उडून आमच्या पडवीवर वाळत घातलेल्या पापडांत पडलं. उडदाचे होते. मी ते नळकांडं उचलून नानांच्या दारात टाकलं आणि काय बोलायचं ते बोलले. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्का, चूक माझी. आटा जुळला नाही."

मग शहरात भद्रकालीतल्या एका लेथवाल्याकडून त्यांनी बुश पाडून आणला. आतून बारीक आटे, बाहेरून जाडे. लेथवाला म्हणाला होता, "बाबा, नवीन सायलेन्सर घ्या, सुटाल." नाना सुटले नाहीत. बुश हरवू नये म्हणून करदोट्याला बांधला, आणि गरम नळकांडं गोणपाटात गुंडाळून खांद्यावरून चक्कीवरून विहिरीवर, विहिरीवरून चक्कीवर न्यायला लागले. तेव्हापासून त्यांना जगात सगळीकडे आटेच दिसायचे. माझ्या भाचीला स्थळ आलं तर पोराला वरखाली बघून म्हणाले, "पोरगा बरा आहे, पण आटा बारीक. पोरीला जोर लावून बसवू नका."

आता चक्कीचं असं असतं, की तिचा आवाज हेच तिचं बोलावणं. फुक् फुक् ऐकू आलं की बायका डबे उचलतात. नानांची चक्की मुकी. चालू आहे हे कुणाला कळेना. बायका समोरच्या विजेच्या चक्कीवर वळायला लागल्या. नानांनी दारात लाल फडकं लावलं, तर लोकांना वाटलं आत कुणाला गोवर आलाय. आणखी लोक यायचे थांबले.

नानांची बायको सखू सटाण्याकडची. एरवी आमच्यासारखं बोलायची, रागावली की माहेरची बोली. अंगणात उभी राहून ओरडायची, "तुम्हनं डोकं फिरेल शे. चक्की बुडाडी या नळीनी." नाना खाली बघून बुशाला तेल लावत बसायचे.

मलाही तो वेडेपणाच वाटायचा. एक दिवस दुपारी लांबूनच चक्कीचा धडाका ऐकू आला, म्हणून डबा घेऊन गेले. बायकांची रांग. सायलेन्सर नव्हता.

"सखू कुठाय?" मी नानांना विचारलं.

"मळ्यात. कांदे निंदायला."

पुढे मी लक्ष ठेवलं. सखू घरी, तर नळकांडं चक्कीवर. सखू मळ्यात, तर विहिरीवर. तिला अर्धशिशी होती. आवाज झाला की डोळ्यांत पाणी यायचं, पण कबूल करायची नाही. "माले काय व्हयनं?" म्हणून उलट अंगावर यायची.

मी नानांना तोंडावर विचारलं. ते हळूच बोलले. त्या घरात सगळेच हळू बोलायचे, सखू सोडून. "अक्का, तिला सांगू नका. कळलं तर काढायला लावील."

नाही सांगितलं.

नंतरच्या दिवाळीच्या तोंडावर मी मळ्यात मेथी आणायला गेले. सखू विहिरीच्या कडेला डोकं पदरानं आवळून बसली होती. शेजारी इंजिन गुपचूप पाणी ओढत होतं. निंदायला काही नव्हतंच, कांदा अजून रोपातच होता.

"डोकं धरलंय तर घरी पड की," मी म्हटलं.

"घरी पडले तर ती नळी घरी जाईल. मग दिवाळीचं दळण समोरच्या चक्कीवर."

"म्हणजे तुला ठाऊक आहे."

"मी काय आंधळी आहे? त्यांना सांगू नका. त्यांना वाटतं मला कळत नाही."

झालं. सणासुदीला ही ऊन डोक्यावर घेऊन मळ्यात बसणार, म्हणजे चक्की वाजेल. आणि नाना नळकांडं घेऊन तिच्यामागे जाणार. मधे मी. दोघांनी मला गप्प बसवलं होतं आणि दोघांच्याही तक्रारी मलाच ऐकाव्या लागायच्या.

पुढच्या पावसाळ्यात सखू गेली. डोक्यानं नाही, तापानं.

तेरावा झाल्यावर चक्की सुरू झाली आणि सगळ्या मळ्यांना ऐकू आली. मी बाजरी घेऊन गेले. रांग दारापर्यंत. भिंती हलत होत्या, बायका एकमेकींच्या कानात ओरडत होत्या. आत सखूच्या खाटेखाली गोणपाटाचं बोचकं दिसलं.

माझी बाजरी ओतता ओतता नाना काहीतरी म्हणाले. त्याच हळू आवाजात.

"काय?" मी ओरडले.

पुन्हा नुसते ओठ हलले. मी कानाला हात लावला. तेव्हा त्यांनी वळून इंजिन बंद केलं.

"म्हटलं, आता वाजली तरी चालतंय."

बायका डबे धरून उभ्या होत्या. नाना इंजिनाच्या थांबलेल्या पट्ट्याकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हटलं, "नाना, बाजरी अर्धीच दळलीय."

ते हँडल मारायला वाकले, तेव्हा करदोट्याचा बुश इंजिनावर आपटून वाजला.