मेघदुर्गाख्यानाच्या नवव्या पर्वाचें सुतक

वक्त्याचे मुखीं सत्य राहो आणि श्रोत्याचे ठायीं क्षमा राहो. जी वाग्देवी न घडलेल्या गोष्टीसही खरे अश्रू देते, तिचे चरणीं मस्तक ठेवून हा वृत्तांत आरंभिला असे. शके सोळाशें चाळीस, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयीं एके राज्यीं, ज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, मैराळपंत म्हणोन ग्रंथकर्ते होते. त्यांणीं अठरा वर्षें मेघदुर्गाख्यान नामें कल्पित कथा पर्वापर्वानें रचिली, आणि तीमध्यें ढगांत बांधलेला दुर्ग, पंख फुटलेले व्याघ्र, सात राजे आणि त्यांचीं सातशें कपटें वर्णिलीं, आणि सर्वांमध्यें ऋतकेतु नामें सेनापति, सत्यवादी, अल्पभाषी, एका कानानें बहिरा, ऐसा निर्मिला, कीं प्रजेनें त्यास घरचा मानिला आणि गल्लोगल्लीं मुलांचीं नांवें ऋतकेतु पडलीं. त्या राज्याची रीत ऐशी, कीं नवें पर्व सिद्ध जाहलें म्हणजे पुराणिकानें तें देवालयाचे मंडपीं सर्वांसमक्ष वाचावें आणि श्रोत्यांनीं आपला अभिप्राय पत्रीं लिहून ग्रंथकर्त्याकडे पाठवावा; आणि ग्रंथकर्त्यानें देवापुढें बेलभंडार उचलून शपथ घ्यावी, कीं पुढील पर्वाचें रहस्य वाचनापूर्वीं कोणासही सांगणार नाहीं, आणि सांगितल्यास लिहून ठेविलेलीं पुढील सर्व पानें आपले हातें नदीस अर्पण करीन.

मग सहा वर्षें वाट पाहिल्यावर नववें पर्व आलें, तें चौदाशें पानांचें. पुराणिक हरभटबोवा यांणीं चाळीस दिवसांचें व्रत धरून वाचन आरंभिलें, आणि चाळिसावे दिवशीं मध्यान्हीं शेवटलें पान आलें, त्यांत ऐसें, कीं ऋतकेतु एकटा बुरुजावर लढतां लढतां तोल जाऊन दरींत कोसळला आणि वरून धुकें मिटलें. तेथें पर्व संपलें. मग हरभटबोवांनीं पोथी बांधिली, आणि कोणाशीं शब्द न बोलतां थेट नदीवर जाऊन नेसत्या वस्त्रांनिशीं स्नान केलें, जैसें मरणाची वार्ता येतां करितात. तें स्नान व्रतसमाप्तीचें होतें आणि मौनही व्रताचेंच होतें, परंतु घाटावरील फुलवाली सारजा हिनें तें पाहून ऊर बडविला आणि म्हणाली, "अगाई गं, बोवा अंगावरच्या कपड्यानं बुडाले! गेला गं माझा सेनापति!" आणि तिनें स्नान केलें, मग तिला पाहून शेजारणींनीं केलें, मग पेठेनें केलें, आणि सूर्यास्ताचे आंत अवघें नगर ओलें जाहलें. दुसरे दिवशीं सूर्योदयीं बोवांचें मौन सुटलें, तेव्हां ते कपाळ बडवून म्हणाले, "अहो, तें व्रताचें स्नान! सेनापतीचें मला काय ठाऊक? पोथींत धुकें लिहिलें आहे, मलाही धुकेंच दिसलें." त्यावर धर्माधिकारी धुंडिराजशास्त्री यांणीं निवाडा दिला, कीं "अंगावरील पाणी माघारी नदींत जात नाहीं. स्नान केलें त्यास सुतक लागलें." आणि सामान्य श्रोत्यांस तीन दिवस, व ज्यांणीं पुत्राचें नांव ऋतकेतु ठेविलें त्यांस दहा दिवस, ऐसें ठरविलें.

हें वर्तमान मैराळपंतांस कळलें, तेव्हां ते उठून देव्हाऱ्यापुढें जाऊन बसले. कारण दहावें, अकरावें व बारावें हीं तिन्ही पर्वें लिहून तांबड्या वस्त्रांत बांधलेलीं त्यांचे देव्हाऱ्याखालीं होतीं, आणि दहाव्या पर्वाचे विसावे पानीं ऋतकेतु एका मुळास लटकलेला डोळे उघडीत होता. हें त्रिभुवनांत एकट्या पंतांस ठाऊक. वय एकुणसत्तर, हात कांपूं लागलेला. तीं पानें गेलीं तर पुन्हा लिहिण्याइतकें आयुष्य नव्हतें. आणि टोपल्या भरभरून अभिप्राय येऊं लागले. एकानें लिहिलें, कीं पाटणच्या राजाची मेजवानी नव्वद पानें चालली, आम्ही मंडपांत उपाशी बसलों होतों याचा विचार करावा. एका शिलेदारानें लिहिलें, कीं चौथ्या पर्वांतील पांढरा घोडा नवव्यांत काळा कैसा जाहला, त्याचा जाब द्यावा. एका विधवा बाईनें इतकेंच लिहिलें, कीं आणिक कोणासही मारावें, त्यास कां. आणि रामजी सोनार याणें बावीस पृष्ठें लिहून पाठविलीं, कीं दुसऱ्या पर्वांतील जोगिणीचें वचन, पांचव्यांतील ताईत आणि सातव्यांतील मुळांचें झाड हीं एकत्र पाहतां सेनापति जिवंत असलाच पाहिजे. तें वाचून पंतांनीं पत्राची घडी करून गादीखालीं सारिली. त्यांची स्त्री गोदूबाई ताट घेऊन आली, तें तसेंच पडलें. ती म्हणाली, "इकडून मेजवानींत अठ्ठावीस पक्वान्नें लिहिलीं, आणि घरचें पिठलें कांहीं घशाखालीं उतरेना!" पंत म्हणाले, "हंसूं नकोस. लोकांनीं त्याचें सुतक धरलें आहे." ती म्हणाली, "धरलें आहे खरें. शेजारची यमू कालपासून केंस मोकळे सोडून बसली आहे, तिच्या सासऱ्याचे वेळीं एवढी बसली नव्हती." आणि पुढें कांहीं विचारिलें नाहीं, कारण शपथ तिलाही ठाऊक होती.

आठवे दिवशीं राजमातेचें बोलावणें आलें. आईसाहेबांचें वय एक्यायशीं. त्यांचे थोरले चिरंजीव पूर्वीं दक्षिणेचे मोहिमेंत नाहींसे जाहले, देह मिळाला नाहीं, म्हणोन शास्त्राप्रमाणें बारा वर्षें वाट पाहून तीनशें साठ पळसपानांची आकृति करून अग्नि दिला होता. त्यानंतर मेघदुर्गाख्यान सुरू जाहलें, आणि अठरा वर्षें आईसाहेब मंडपांत पडद्याआडून ऐकत आल्या. आतां त्यांणीं आठ दिवस पाण्यावांचून कांहीं घेतलें नव्हतें, आणि राजवैद्य पंतांस दारींच म्हणाले, "आणिक चार दिवस. पुढें माझे हातीं नाहीं." आईसाहेब तक्क्यास टेकून होत्या. त्यांणीं विचारिलें, "पंत, तुमचा सेनापति आहे कीं गेला?" पंतांनीं भूमीकडे पाहून उत्तर केलें, "आईसाहेब, बेलभंडार उचलला आहे." त्या म्हणाल्या, "शपथ मोडा ऐसें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या चिरंजीवांचे वेळीं ज्यास विचारावें ऐसा कोणीच नव्हता. येथें एक आहे, म्हणोन विचारिलें." मग म्हणाल्या, "धर्माधिकारी म्हणतात बारा वर्षें वाट पाहा. बारा वर्षें आम्हांस कोठलीं? दहावे दिवशीं घाटावर पळसपानें मांडविलीं आहेत. यावें." पंत मुजरा करून निघाले, आणि वाटेनें त्यांस आपलें घर ओळखूं आलें नाहीं, दोन वेळां पुढें जाऊन माघारी आले.

मग दहावा दिवस उजाडला आणि सकाळींच घाटावर सारें नगर जमलें. दर्भावर पळसपानांची आकृति मांडिली, मस्तकाचे जागीं नारळ ठेविला, आणि कोणी भाविकानें उजव्या कानाचे जागीं कापूस घातला, कारण सेनापति त्या कानानें बहिरा. तें पाहून पंतांचे डोळ्यांस धारा लागल्या. आईसाहेबांची पालखी आली. शास्त्राची आज्ञा ऐशी, कीं अग्नि देण्यापूर्वीं तीन वेळां पुसावें, म्हणोन धुंडिराजशास्त्री उच्च स्वरें म्हणाले, "हा पुरुष जिवंत असल्याचें वर्तमान कोणास ठाऊक असेल, त्यानें सांगावें." तेव्हां रामजी सोनार बावीस पृष्ठें उंच धरून म्हणाला, "शास्त्रीबोवा, जोगिणीचें वचन पाहा, ताईत पाहा—" शास्त्री म्हणाले, "हा तर्क जाहला, रामजी. वर्तमान नव्हे. बैस." आणि दुसरे वेळीं पुसलें. पंतांस वाटलें, कीं उगें राहावें. पानें राहतील, दोन वर्षांनीं दहावें पर्व वाचलें जाईल, सेनापति परत येईल, आणि क्रिया जाहलेला पुरुष परत आल्यास त्याचे संस्कार पुन्हा करण्याचा विधि शास्त्रांत आहेच. परंतु दोन वर्षांनीं पडदा तोच असेल आणि त्याआड कोण असेल? तेव्हां शास्त्रीबोवांनीं तिसरे वेळीं पुसलें, आणि पंतांनीं पाहिलें, तों आईसाहेब त्यांजकडे पाहत नव्हत्या. त्या पळसपानांकडे पाहत होत्या, जैसें कोणी पूर्वीं पाहिलेलें पुन्हा पाहतो तैसें. आणि पंत उठून म्हणाले, "जिवंत आहे. मुळास लटकला आहे, डावा हात मोडला आहे, पण जिवंत आहे. मला ठाऊक आहे."

मग आईसाहेबांनीं पालखींतून विचारिलें, "कोणता हात म्हणालांत?" "डावा, आईसाहेब." "डावा असूं दे," त्या म्हणाल्या, "तलवार उजव्यानें धरतात." आणि पेज आणावयास सांगितली. पळसपानें सोडविलीं, नारळ देवास दिला, लोक रडले आणि हंसले. परंतु पंत थेट घरीं गेले आणि तांबडीं वस्त्रें काढूं लागले. गोदूबाईनें एकवार त्यांचे मुखाकडे पाहिलें आणि म्हणाली, "एक गठ्ठा मजकडे द्यावा. तिन्ही एकट्यानें उचलावयाचे नाहींत." मग दोघें नदीवर गेलीं आणि पंतांनीं बाराशें पानें आपले हातें एकेक करून पाण्यांत सोडिलीं. शाई काळी होऊन वाहिली आणि मग पाणी स्वच्छ जाहलें.

तिसरे दिवशीं टोपल्या पुन्हा आल्या. पंतांनीं पाहिलें, तों बहुतांचें लिहिणें ऐसें, कीं आपणांस कोणीं पुसलें होतें? रहस्य फोडून आमची अवघी गोडी घालविली. रामजी सोनारानें लिहिलें, कीं मीं आधींच सांगितलें होतें. शिलेदारानें पुन्हा घोड्याचा जाब मागितला. तीं पत्रें वाचतां वाचतां पंतांनीं ताट ओढून घेतलें आणि पिठलें दोन वेळां मागितलें.

ऐसा नवव्या पर्वाचा वृत्तांत. आईसाहेब पुढें सात मास होत्या, आणि येईल त्यास सेनापति दरींतून कैसा वर चढला तें आपले मनचें सांगत, दर वेळीं निराळें. मैराळपंतांनीं पुढें एक पानही लिहिलें नाहीं. कथा अपुरी राहिली ती राहिलीच. परंतु त्या राज्यांत अद्यापि ऋतकेतूचें श्राद्ध कोणी घालीत नाहीं. लेखनसीमा.