गुदगुल्या करणारा फ्रीज

"शनिवारी ये, घर बघ आणि मग बोल! एकेक दिवा असा लागेल की तुमच्या सुरबायाच्या बाजारपेठेने मान खाली घालावी!"

मार्दिकुन गुरुजी आयुष्यात इतक्या मोठ्या आवाजात कुणाशी बोलले नव्हते. वर्गातसुद्धा नाही. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. पलीकडे सुरबाया शहरात राहणारा मुलगा होता, विबिसोनो. त्याचं म्हणणं एवढंच, की बाहत्तर वर्षांच्या माणसाने विजेचे झटके खात खेड्यात एकटं राहू नये. शनिवारी तो गाडी घेऊन येणार. घरातली वीज धड असली तर ठीक, नाहीतर बाबांना उचलून थेट सुरबायाला! म्हणजे पुस्तकांची चार कपाटं, खिडकीजवळचं टेबल, मागच्या दारचा फणस, सगळं संपलं. गुरुजींना मरणाची भीती वाटत नसे. सुरबायाची वाटे.

काम तसं मोठं नव्हतं. फ्रीजला हात लावला की झटका बसे, एवढंच. गावात वायरमन एकच, लामिजान. गुरुजींचाच विद्यार्थी. लग्नाच्या मांडवांत लाउडस्पीकर लावता लावता वीज शिकलेला. घर दहा दारं पलीकडे. जायचं, सांगायचं, झालं!

सोमवारी गुरुजी गेले. पण आमच्या जावा बेटावर कुणाच्या घरी जाऊन एकदम कामाचं बोलणं म्हणजे दरोडा घालण्यासारखंच. आधी चहा झाला. तळलेली केळी झाली. मिरचीच्या भावावर बोलणं झालं. लामिजानची बकरी गाभण होती, तिची चौकशी झाली. दीड तासाने गुरुजी उठले.

"काही काम होतं का गुरुजी?"

"छे छे! सहज आलो होतो."

मंगळवारी पुन्हा सहज गेले. बकरी व्याली होती, त्यामुळे तो दिवस बकरीचा झाला. बुधवारी मात्र त्यांनी धीर केला. चपला घालता घालता, लामिजानकडे पाठ करून ते पुटपुटले, "तुला सवड असेल तर... नसेल तर अजिबात नको हं... आमचा फ्रीज हल्ली जरा गुदगुल्या करतो."

"थोड्याच ना?"

"थोड्याच, थोड्याच!"

गेल्याच महिन्यात त्या गुदगुल्यांनी त्यांच्या हातातलं आमटीचं भांडं स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला पोचवलं होतं आणि गुरुजी दहा मिनिटं जमिनीवर बसून स्वतःचं नाव आठवत होते. पण हे सांगायचं कसं? सांगितलं तर ती तक्रार झाली, आणि तक्रार केली तर लामिजानला वाटणार की गुरुजी आपल्याला घाई करतात!

गुरुवारी लामिजान आला, कानामागे टेस्टर खोचून. गुरुजींनी चहा ठेवला, सोयाबीन आंबवून केलेलं तेंपे तळून ठेवलं. खाणंपिणं झालं, आणि लामिजानने अनवाणी पायांनी फ्रीजपुढे उभं राहून दाराची मूठ धरली.

त्याचे केस झाडूसारखे उभे राहिले. डोळे घुबडासारखे झाले. घशातून नादुरुस्त पंपासारखा आवाज आला. मग मूठ सुटली.

"लागलं का रे?" गुरुजींनी घाबरून विचारलं.

"छे हो! कुठे काय?" लामिजानने हात पाठीमागे लपवला. "छान गार आहे."

ज्यांनी पाढे शिकवले त्यांच्या घरात उभं राहून 'तुमचा फ्रीज माणूस मारेल' असं म्हणायचं?

"मलाही विशेष लागत नाही," गुरुजी म्हणाले.

"लागतच नाही!"

मध्ये फ्रीज आणि दोन्ही बाजूंना दोन हसरे चेहरे! पण तेंपे खाऊन नुसतं निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून लामिजानने बोर्ड उघडला. दोन वायरींची अदलाबदल केली, तिसरी एका खिळ्याला गुंडाळली आणि मेन स्विच चालू केला. गुरुजींनी भीत भीत फ्रीजला बोट लावलं. काही नाही! पंजा लावला. काही नाही! त्यांनी फ्रीजला चक्क मिठी मारली.

हा आनंद न्हाणीघरापर्यंत टिकला. झटका नळात जाऊन बसला होता.

शुक्रवारी सकाळी लामिजानने कुंपणापलीकडून विचारलं, "आता बरं आहे ना गुरुजी?"

"उत्तम! फक्त नळाला..."

"किंचित?"

"अगदी किंचित."

लामिजानने नळाचा बंदोबस्त केला. झटका खिडकीच्या गजांत गेला. गजांचा केला, तर तो कपडे वाळत घालायच्या तारेवर चढला. वीज कसली, घर बघायला आलेली पाहुणीच ती! दुपारपर्यंत गुरुजींची स्वतःच्या घरात लोखंडाला हात लावायची छाती होईना. पडदा ते लाकडी डावाने सरकवत होते आणि भात केळीच्या पानावर घेऊन हाताने खात होते.

संध्याकाळी शेजारच्या रुकिनेमबाई नेहमीप्रमाणे बर्फ न्यायला आल्या. त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळला आणि मग फ्रीजचं दार उघडलं. गुरुजींना वाटायचं, काय ही बाईंची स्वच्छता! आज त्यांना शंका आली.

"टॉवेल कशाला हो?"

बाई लाजल्या. "सवय आहे गुरुजी. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं! मग सांगितलं का नाही?"

"अहो, दुसऱ्याच्या फ्रीजला नावं कशी ठेवायची? बर्फ तर फुकट नेते मी!"

"आता फ्रीज बरा आहे. आता ते... तारेवर आहे, कपड्यांच्या."

"अगंबाई! तरीच माझी कोंबडी..."

"कोंबडीचं काय झालं?"

"काही नाही गुरुजी," बाई बर्फ पदराखाली घेत म्हणाल्या. "गुणाची होती बिचारी."

गुरुजी मटकन खाली बसले. एक संपूर्ण गाव तीन वर्षं त्यांच्या घरात झटके खात होतं आणि हसून चहाबद्दल आभार मानत होतं! आणि आपण काय वेगळं केलं? तालुक्याच्या गावात दुसरा वायरमन होता. त्याला बोलावण्याचा विचार त्यांच्या मनात आला आणि पळाला. परका माणूस शिडी घेऊन लामिजानच्या दारावरून जाणार? त्यापेक्षा झटका परवडला.

शनिवारी पहाटेपासून लामिजान बोर्डात डोकं घालून बसला. शेवटी त्याने सगळ्या वायरी सोडल्या आणि सगळ्या पुन्हा जोडल्या. दुपारी बाराला विबिसोनोची गाडी आली तेव्हा घरातला एकूण एक दिवा भर उन्हात जळत होता. फ्रीज गरीब गाईसारखा उभा होता. नळ शांत, गज शांत, तार शांत.

"वा बाबा!" विबिसोनो खरोखर खूश झाला. "मी उगाच काळजी करत होतो!"

गुरुजींची छाती फुगली. झटका मग गेला कुठे, हे मात्र त्यांनी लामिजानला विचारलं नव्हतं आणि लामिजानने सांगितलं नव्हतं, कारण त्यालाही माहीत नव्हतं.

"आणि पुस्तकं कशी आहेत?" असं म्हणत विबिसोनो कौतुकाने पुस्तकांच्या लोखंडी कपाटाला टेकला.

वीस वर्षं शहरात काढलेला माणूस! गावच्या रीतीभाती कुठल्या लक्षात राहायला? त्याने अशी किंकाळी फोडली की फणसावरचे पक्षी उडाले. बोर्डातून धूर निघाला आणि सगळे दिवे एकदम गेले.

"कुणी केलंय हे काम?" जमिनीवरूनच तो ओरडला. "कोण गाढव आहे तो?"

कोपऱ्यात लामिजान पक्कड छातीशी धरून उभा होता. पाचवीत गणितं चुकल्यावर राहायचा, तसाच. त्याचा खालचा ओठ हलत होता. गुरुजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"मी केलं," ते म्हणाले. आवाज अजिबात कापला नाही. "लामिजान सांगत होता, गुरुजी, हात लावू नका. मीच ऐकलं नाही."

"तुम्ही? बाबा, या वयात? बस्स! आता चला सुरबायाला!"

"बरं. चल."

विबिसोनो उठता उठता थांबला. आमच्याकडे घरी या म्हणायचं ते तीनदा, आणि समोरच्याने तीनदा नको म्हणायचं. फोनवर कितीही वेळा म्हटलेलं असो, तोंडावर पुन्हा एकपासून मोजायचं. लामिजानचा ओठ सावरण्याच्या नादात गुरुजींनी पहिल्याच फटक्याला हो म्हणून टाकलं होतं!

"म्हणजे... आत्ताच?" विबिसोनोने विचारलं.

"तू म्हणतोस ना?"

"हो हो! म्हणतोच आहे मी! म्हणजे काय!" त्याचा चेहरा झटक्यानंतर जेवढा पांढरा होता त्याहून पांढरा झाला. दोन खोल्या, तीन मुलं, आणि बाहेरच्या खोलीत सासूबाईंची गादी. त्याच्या कपाळावर हे सगळं छापल्यासारखं दिसत होतं, आणि गुरुजींनी तर जन्मभर वाचण्याशिवाय दुसरं केलं काय?

पण आता नाही म्हटलं तर पोराला वाटणार, बाबांना आपलं घर लहान वाटतं. आणि पोराने राहू द्या म्हटलं, तर बापाला घालवून दिल्यासारखं व्हायचं.

पिशवीत दोन लुंग्या आणि एक शब्दकोश घालून गुरुजी गाडीत बसले. लामिजानने दार लावून दिलं आणि डोळे पुसले. मग तीन तास दोघं नुसता रस्ता बघत राहिले. टोलनाका आला, गाडी रांगेत थांबली आणि दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

"बाबा..."

"अरे..."

"बोला ना, तुम्ही आधी."

"नाही नाही, तू बोल."

"माझं काही नाही बाबा. सहज."

"माझंही सहजच," गुरुजी म्हणाले.

नाक्याचा दांडा वर गेला. मागचा ट्रक भोंगा वाजवू लागला.